उपकारस्तुतीची रोजकीर्द

चि. बाळ यास,


तुझे पत्र पोचले. नोकरी कायम झाल्याचे वाचून घरात सर्वांस समाधान वाटले. परंतु त्याच पत्राच्या अखेरीस, उपकारस्तुतीचे शब्द हल्ली केवळ सवयीने ओठांवर येतात, अंतःकरण त्यांच्याबरोबर येत नाही, असे जे तू मोकळेपणाने लिहिलेस, त्याला उत्तर देणे मला अधिक अगत्याचे वाटते.

माझ्या मते यात उणीव श्रद्धेची नसून दोष मोघमपणाचा आहे. ‘सर्व कृपादानांबद्दल’ आभार मानून आपण उठतो, आणि त्या ‘सर्व’च्या पोटात काय काय होते याची विचारपूस करीत नाही. तू कचेरीत हिशेबाच्या मेजावर बसतोस. रोजकीर्दीत ‘आज पुष्कळ जमा’ एवढीच नोंद केली तर ती मंजूर होणार नाही, हे तुला सांगावयास नको. देवाच्या देण्याची नोंदही तशीच बाबवार, आणि ज्याच्या हस्ते ते आले त्याच्या नावानिशी व्हावी.

ताटातली भाकरीच घे. आपल्या नगरकडच्या काळ्या रानात परतीच्या पावसाने ओल धरली म्हणजे रब्बीची ज्वारी पेरतात. कणसे भरू लागली की कोणीतरी माळ्यावर उभा राहून दिवसभर गोफणीने पाखरे हाकतो. काढणी, मळणी, उफणणी होऊन तो दाणा आडत्याच्या पेढीवरून गिरणीत आणि गिरणीतून तुझ्या खाणावळीत येतो, आणि तेथे पहाटेपासून चुलीपुढे बसलेली बाई धुराने चुरचुरणारे डोळे मनगटाने पुशीत तव्यावरच्या भाकरीवरून पाण्याचा हात फिरविते, तेव्हा कोठे ती तुझ्यापुढे येते. हे ध्यानात आणून डोळे मिटशील तर शब्द शोधावे लागणार नाहीत. आणि आभार मानून झाल्यावर त्याच बाईकडे ढुंकूनही न पाहता भाकरी गार असल्याची तक्रार करणे, हे मला प्रार्थना रद्द करण्यासारखेच वाटते.

लूककृत शुभवर्तमानाच्या १७ व्या अध्यायातील दहा कुष्ठरोग्यांची कथा तुला पाठ आहे. परत आला तो एकटा शोमरोनी. पण उरलेल्या नवांचे आरोग्य प्रभूने काढून घेतल्याचे तेथे लिहिलेले नाही, याकडे लक्ष दे. देणगी टिकावी म्हणून भरावयाची किंमत म्हणजे उपकारस्तुती नव्हे. ते नऊजण बरे होऊन आपापल्या घरी गेले असतील. फक्त देणाऱ्याच्या पायांपाशी त्यांना क्षणभरही बसावयास मिळाले नाही, आणि ही हानी मला लहान वाटत नाही.

आता तू पत्रात विचारलेला कठीण प्रश्न. आपल्या दाजींना जाऊन अजून वर्ष झालेले नाही. त्या मृत्यूबद्दलही आभार मानावेत काय? नाही, बाळ. स्तोत्रसंहितेत स्तुतीइतकाच विलापही आहे, आणि लाजराच्या कबरेकडे जाताना स्वतः प्रभू रडला. पंडिता रमाबाईंचे आईवडील व बहीण दुष्काळातल्या उपासमारीत गेली. ती भूक काही वरदान नव्हती. परंतु १८९६ च्या दुष्काळात त्याच रमाबाई मध्यप्रांतात गेल्या आणि अन्नावाचून मरू घातलेल्या शेकडो मुलींना घेऊन आल्या. रमाबाईंच्या केडगावच्या मुक्तिसदनात त्या मुलींच्या पोटापाण्याची व शिक्षणाची तजवीज झाली. आपल्याला प्रभूकडून जे मिळाले ते दुसऱ्याच्या ओंजळीत घालणे, याहून खरी उपकारस्तुती मला ठाऊक नाही. दाजींच्या मृत्यूबद्दल तू रड. ते इतकी वर्षे तुला लाभले, त्यांनी शेजारी बसवून तुला अक्षर गिरवावयास शिकविले, त्याबद्दल आभार मान. दोन्ही एकाच प्रार्थनेत मावतात.

रात्री निजण्यापूर्वी वहीत एकच नोंद करीत जा. अधिकाचा हव्यास धरू नकोस, नाहीतर पंधरवड्यात ती वही बासनात जाईल. शनिवारी ती वाचून, ज्यांची नावे त्यात आली असतील त्यांपैकी एकाला तरी प्रत्यक्ष भेटून किंवा कार्ड टाकून तसे कळव. आणि दरमहा ताईला पैसे पाठवतोस तेव्हा सोबत दोन ओळी लिहावयास विसरू नकोस. दाजींची एखादी आठवण त्यांत लिहीत जा. पैशांइतकीच तिला त्या ओळींची गरज आहे.

तुझा,
मामा