घटक ४ : प्रवासवर्णनातील माहिती आणि अनुभव (कॅट बा बेटावरील एक दिवस)

४.१ उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपल्याला :
• प्रवासवर्णनातील माहिती आणि अनुभव यांचा परस्परसंबंध स्पष्ट करता येईल.
• दिलेल्या उताऱ्यातील कोणती माहिती अनुभवाचा भाग झाली आहे, हे दाखवता येईल.
• स्वतःच्या एखाद्या दिवसावर प्रवासवर्णनपर परिच्छेद लिहिता येईल.

४.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, प्रवासवर्णन लिहू पाहणाऱ्या नव्या लेखकापुढे एक अडचण हमखास उभी राहते. प्रदेशाची माहिती भरपूर दिली, तर लेखन मार्गदर्शिकेसारखे कोरडे होते. माहिती गाळली, तर केवळ उद्गारचिन्हे उरतात. मग कोणती माहिती द्यावी आणि ती कोठे यावी? या प्रश्नाचा विचार करण्यासाठी, केवळ अभ्यासाच्या हेतूने रचलेला एक उतारा पुढे दिला आहे. त्यातील 'मी' कोकणातील एक हौशी प्रस्तरारोहक आहे. स्थळ आहे उत्तर व्हिएतनाममधील कॅट बा बेट. उष्ण कटिबंधातील हे बेट साधारणपणे आपल्या अकोला-अमरावतीच्याच अक्षांशावर येते. त्याला लागून असलेला लान हा उपसागर चुनखडकाच्या सुळक्यांसाठी प्रसिद्ध आहे.

४.३ अभ्यासासाठी उतारा

सकाळी सातला आमची होडी लान हा उपसागरात शिरली, तेव्हा भरती पूर्ण झाली होती. समुद्रातून सरळ वर उठलेले सुळके, त्यांच्या अंगाला बिलगलेली झाडी, मधूनच तरंगत्या घरांची एखादी रांग. आमच्या वाटाड्याने यांतले काहीच दाखवले नाही. एका कड्याखाली होडी थांबवून त्याने दोरीला बांधलेले वजन पाण्यात सोडले. वजन तळाला टेकताच, पाण्याच्या पातळीवर त्याने दोरीला गाठ मारली.

या आरोहणात दोर कमरेला नसतो. होडीतून थेट कातळाला हात घालायचा, जमेल तितके चढायचे आणि हात सुटले की पाण्यात पडायचे. खाली पाणी खोल आहे तोवरच हे चालते. आमच्या कोकणात दिवसातून दोनदा भरती येते. सकाळची चुकली, तर संध्याकाळची हाताशी असते. टोंकिनच्या आखाताच्या या भागात मात्र बहुतेक दिवशी एकच भरती आणि एकच ओहोटी. मोठ्या ओहोटीला पाणी तीन मीटरांहून अधिक उतरते. आज गेलेले पाणी उद्याच परत येणार.

मी सह्याद्रीच्या काळ्या कातळावर चढायला शिकलो. तेथे बोटांना कडा आणि भेगा यांची सवय झालेली. येथे चुनखडकाला भोके, कपारी, लोंबते लवणस्तंभ. हाताला दर वेळी नवा आकार सापडे. पहिल्या दोन प्रयत्नांत चार-पाच मीटरांवरून पडलो आणि हसत वर आलो. मग इतरांची पाळी आली. माझी तिसरी खेप येईतो बारा वाजले. वरची शेवटची पकड मला आता पाठ झाली होती.

कातळाकडे हात नेताना खाली लक्ष गेले. पाण्यालगत खडबडीत, करड्या रंगाचा एक पट्टा उघडा पडला होता. कालवे. त्यांच्या कवचांच्या धारेने तळवा सहज फाटतो. सकाळी तो पट्टा पाण्याखाली होता, आणि मी त्याच्याच शेजारी पडलो होतो. वाटाड्याने मानेनेच नकार दिला. "एकदाच," मी म्हणालो. उत्तर न देता त्याने वजन पुन्हा पाण्यात सोडले आणि दोरी माझ्या हाती दिली. सकाळची गाठ पाण्यापासून कमरेइतकी वर आली होती. मी होडीत बसलो.

दुपारी बेटावरील एका गुहेत गेलो. व्हिएतनाम युद्धाच्या काळात तेथे गुप्त रुग्णालय चालत असे. डोंगराच्या पोटात काँक्रीटच्या खोल्या, एकावर एक तीन मजले. अंधारात मी भिंतीबाहेरच्या नैसर्गिक खडकाला हात लावला. पावसाचे किंचित आम्लयुक्त पाणी चुनखडक विरघळवत जाते. सकाळी माझी बोटे ज्या भोकांत गेली ती आणि जखमींना आसरा देणारी ही पोकळी, दोन्ही त्या एकाच झिजेतून घडलेली.

पुढची भरती दुसऱ्या दिवशी आठच्या सुमारास होती. आमची परतीची बोट सहाची होती.

४.४ विवेचन

(अ) माहितीचे स्थान : दिवसातून एकच भरती येते, हे विधान भूगोलाच्या पुस्तकातही सापडेल. येथे ते आरोहक दोराविना चढतो हे कळल्यानंतर आणि त्याला तिसरी संधी हवी असण्यापूर्वी येते. त्यामुळे वाचक ती माहिती जवळ बाळगतो आणि 'एकदाच' हा शब्द येताच तिचा अर्थ त्याला जाणवतो. हेच विधान प्रारंभी आले असते, तर केवळ प्रदेशवर्णन ठरले असते.

(आ) वस्तूतून प्रकटणारी माहिती : पाणी किती उतरले, हे निवेदक आकड्यात सांगत नाही. दोरीची गाठ ते सांगते. वाटाड्याचा अनुभव, त्याचा ठामपणा आणि निवेदकाची माघार या तिन्ही गोष्टी त्या एका गाठीत आल्या आहेत.

(इ) परिचितातून अपरिचिताकडे : कोकणातील भरती आणि सह्याद्रीचा कातळ यांच्या उल्लेखामुळे दूरचे बेट मराठी वाचकाच्या अनुभवकक्षेत येते. तुलना दोनच आहेत, म्हणून त्या भार होत नाहीत.

(ई) गाळलेली माहिती : कॅट बा येथे १९८६ साली राष्ट्रीय उद्यान स्थापन झाले. सोनेरी डोक्याचे एक अतिदुर्मिळ वानर जगात केवळ याच बेटावर आढळते. दोन्ही गोष्टी खऱ्या आणि वेधक आहेत. परंतु निवेदक त्या दिवशी जंगलात गेलाच नाही. म्हणून त्यांना या उताऱ्यात जागा नाही.

(उ) एक आक्षेप : जखमींचा आसरा आणि हौशी आरोहकाची पकड एकाच वाक्यात यावी काय? खडकाच्या घडणीने दोन्ही प्रसंग जोडले जातात, हे खरे. पण त्या जोडणीत युद्धाचे दुःख लहान होते, असेही म्हणता येईल. येथे आपले मत आपणच सकारण ठरवावे.

४.५ स्वयं-अध्ययन प्रश्न

१. निवेदकाने माघार घेतली नसती, तर उताऱ्याचा आशय कसा बदलला असता?
२. गुहेविषयीचा परिच्छेद वगळावा की ठेवावा? पाच-सहा वाक्यांत लिहा.
३. उताऱ्याच्या शेवटच्या दोन वाक्यांत भावना थेट सांगितलेली नाही. ती वाचकापर्यंत कशी पोहोचते?

४.६ सारांश

प्रवासवर्णनात माहितीचे मोल तिच्या प्रमाणावर ठरत नाही. ज्या माहितीवर प्रवाशाची एखादी कृती, निर्णय किंवा सुरक्षितता अवलंबून असते, ती अनुभवाचा भाग होते. अशी माहिती गरजेच्या थोडी आधी यावी आणि शक्य तेथे वस्तू व कृती यांतून प्रकट व्हावी. लेखकाच्या वाट्याला न आलेली माहिती कितीही आकर्षक असली, तरी ती बाजूला ठेवण्याचा संयम असावा.

४.७ उपक्रम

आपल्या गावाजवळील टेकडी, घाट, नदी किंवा किनारा येथे घालवलेला एक दिवस आठवा. त्या दिवशी आपला एखादा बेत ज्या स्थानिक वस्तुस्थितीमुळे बदलला, ती शोधा. तिला मध्यवर्ती ठेवून दीडशे शब्दांचा परिच्छेद लिहा आणि तो संपर्कसत्रात वाचून दाखवा.