चालणे, वस्ती आणि आरोग्य : एक अभ्यास

वर्षभराच्या कार्याचा आढावा आणि जमाखर्च यांच्या जोडीला आरोग्याच्या एखाद्या प्रश्नाचा थोडा सविस्तर परामर्श घ्यावा, या हेतूने प्रस्तुत लेख हितचिंतकांच्या हाती देत आहोत. यंदाचा विषय वरकरणी वैद्यकशास्त्राच्या कक्षेबाहेरचा वाटेल. माणूस राहतो कोठे, दिवसभरात त्याची ये-जा कशी होते आणि या दोहोंचा त्याच्या शरीरावर काय परिणाम होतो, असा हा विषय आहे. तो आम्हांला एका रुग्ण भगिनीने शिकविला.

पंचावन्न वर्षे वयाच्या या भगिनी मधुमेहाच्या उपचारासाठी आमच्या बाह्यरुग्ण विभागात नियमित येत असत. औषधे वेळेवर घेत, पथ्य सांभाळत. तरीही रक्तातील साखर आटोक्यात येईना. प्रत्येक भेटीत त्यांच्या केसपेपरवर आम्ही एक वाक्य न चुकता लिहीत होतो : 'रोज अर्धा तास चालावे.' एके दिवशी आमच्या समाजसेविकेने त्यांना सहज विचारले, "ताई, चालायला जाता कुठे?" त्या म्हणाल्या, "कुठे जाऊ बाई? सातवा मजला, लिफ्ट महिन्यातून पंधरा दिवस बंद. खाली उतरलं की पायाशी गाड्याच. आणि अंधार पडला की बाईमाणसानं जायची सोय नाही." आम्ही जुने केसपेपर काढून पाहिले. चार वर्षे तोच सल्ला लिहिलेला होता. तो पाळणे शक्य आहे काय, हे एकदाही विचारलेले नव्हते. ही उणीव त्यांची नव्हती, आमची होती.

लंडनच्या बसमधील धडा

दैनंदिन हालचालीचा हृदयाशी असलेला संबंध शास्त्रीय पद्धतीने प्रथम दाखवून देणाऱ्यांत डॉ. जेरी मॉरिस यांचे नाव अग्रक्रमाने घेतले जाते. 1953 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा व त्यांच्या सहकाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. लंडनच्या दुमजली बसमधील चालक दिवसभर बसून असे, तर वाहक तिकिटे देत सतत जिना चढउतार करी. दोघांची नोकरी एकाच संस्थेतील, राहणीमानही बहुतांशी सारखे. पण वाहकांमध्ये हृदयविकाराचे प्रमाण चालकांपेक्षा स्पष्टपणे कमी आढळले. पायी टपाल वाटणारे पोस्टमन आणि बैठे काम करणारे टपाल कर्मचारी यांच्यातही असाच फरक दिसून आला.

चालक मुळातच स्थूल असतील, अशी शंका साहजिक होती. तिचा छडा लावण्यासाठी मॉरिस यांनी कर्मचाऱ्यांच्या गणवेशाची मापे तपासली. चालकांच्या विजारींची कंबर खरोखरच मोठी निघाली. परंतु पुढील अभ्यासात कंबरेचे माप सारखे असलेल्यांची तुलना केली, तेव्हाही वाहकांची स्थिती बरी होती. या अभ्यासातील कोणीही व्यायाम म्हणून जिना चढत नव्हता. आरोग्याचा लाभ त्यांना कामाच्या ओघातच मिळत होता. जी हालचाल दिनक्रमातच गुंफलेली असते ती टिकते. वेगळा वेळ काढून करावयाची हालचाल अनेकदा संकल्पापुरतीच उरते.

वस्तीची रचना आणि रोग

वस्तीचा आरोग्याशी असलेला संबंध मुंबईने फार मोठी किंमत देऊन अनुभवला आहे. सप्टेंबर 1896 मध्ये मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. त्यानंतर 1898 साली शहर सुधारणेसाठी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. दाट वस्तीतून रुंद रस्ते काढावेत, समुद्रावरील वारा आत खेळावा, दादर-माटुंग्याकडे मोकळ्या वसाहती उभ्या राहाव्यात, असे प्रयत्न या संस्थेने केले. प्लेग उंदरावरील पिसवांमुळे पसरतो, हे ज्ञान त्या काळी नुकतेच पुढे येत होते. तरीही उजेड आणि हवा यांचे महत्त्व नियोजनकर्त्यांनी ओळखले होते. मात्र जेवढी घरे पाडली गेली त्या मानाने गरिबांसाठी नवी घरे कमी बांधली गेली आणि दाटी दुसरीकडे सरकली, हेही नमूद केले पाहिजे.

हा प्रश्न इतिहासजमा झालेला नाही. मुंबईच्या पूर्व उपनगरांतील पुनर्वसन वसाहतींचा एक अभ्यास 2018 साली प्रसिद्ध झाला. इमारती एकमेकींना अगदी खेटून उभ्या असलेल्या, खालच्या मजल्यांवर ऊन व वारा न पोहोचणाऱ्या वसाहतींत क्षयरोगाचे प्रमाण तुलनेने मोकळ्या वसाहतीपेक्षा बरेच अधिक आढळले. यामागील कारण समजण्यास अवघड नाही. क्षयाचे जंतू खोकल्यावाटे हवेत येतात. खोलीत वारा खेळत असेल तर ते विरळ होतात आणि सूर्यप्रकाशात त्यांचा नाश होतो. कोंदट, अंधाऱ्या खोलीत मात्र ते बराच काळ हवेत तरंगत राहतात. अशा घरात एका रुग्णास आम्ही बरे करून पाठवितो आणि काही महिन्यांनी त्याच घरातील दुसरी व्यक्ती खोकत दाराशी येते.

रस्ता ओलांडण्याची किंमत

2023 साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी अभ्यासानुसार भारतात मधुमेहींची संख्या 10 कोटींहून अधिक आहे. 2024 साली प्रसिद्ध झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार भारतातील सुमारे निम्म्या प्रौढांची शारीरिक हालचाल अपुरी आहे आणि स्त्रियांमध्ये हे प्रमाण पुरुषांपेक्षा अधिक आहे. या आकड्यांचा अर्थ केवळ 'लोक आळशी झाले' असा लावणे अन्यायाचे ठरेल.

पदपथ नसलेल्या रस्त्यावर चालणे हेच एक धाडस असते. 2022 साली देशात रस्ते अपघातांत 1,68,491 व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. त्यांपैकी 32,825 पादचारी होते. जो वाहन चालवीत नाही, धूर सोडत नाही, त्यालाच हा भार सोसावा लागतो. धुराचेही तसेच आहे. हवेतील अतिसूक्ष्म कण फुप्फुसाच्या वायुकोशांपर्यंत पोहोचतात आणि दमा, हृदयविकार व पक्षाघात यांचा धोका वाढवितात. या कणांचे वार्षिक सरासरी प्रमाण घनमीटरमागे 5 मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक नसावे, असे जागतिक आरोग्य संघटनेने 2021 साली सुचविले. आपल्या देशाची 2009 सालची मर्यादा 40 आहे.

आपणांस काय करता येईल?

प्रौढ व्यक्तीने आठवड्यास 150 ते 300 मिनिटे मध्यम गतीची हालचाल करावी, अशी जागतिक आरोग्य संघटनेची 2020 सालची शिफारस आहे. ही मिनिटे एकाच वेळी भरून काढावीत असे बंधन नाही. न्यूझीलंडमधील 41 मधुमेही रुग्णांच्या 2016 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, दिवसातून एकदा सलग 30 मिनिटे चालण्यापेक्षा प्रत्येक मुख्य जेवणानंतर 10 मिनिटे चालल्याने जेवणोत्तर साखर अधिक चांगली उतरली. रात्रीच्या जेवणानंतर हा फरक विशेष होता. आकुंचन पावणारे स्नायू इन्सुलिनच्या मदतीवाचूनही रक्तातील साखर ओढून घेतात, हे त्यामागचे शास्त्र.

रुग्णांनी व कुटुंबीयांनी पुढील गोष्टी ध्यानी घ्याव्यात :

1. मैदान नसल्यास इमारतीचा व्हरांडा, गच्ची किंवा चाळीची गॅलरी वापरावी. जेवणानंतरची 10 मिनिटे तेथेही पुरेशी होतात.
2. वर्दळीच्या रस्त्याला समांतर आतली गल्ली असल्यास त्या वाटेने जावे.
3. दिवसा खिडक्या उघड्या ठेवाव्यात. खिडकीपुढे सामान रचू नये. दोन आठवडे खोकला राहिल्यास थुंकीची तपासणी करून घ्यावी.
4. चालताना छातीत दुखणे, धाप लागणे किंवा पायास जखम असल्यास आधी वैद्यकीय सल्ला घ्यावा. इन्सुलिन घेणाऱ्यांनी जवळ साखर बाळगावी.

परंतु सर्व जबाबदारी रुग्णावर टाकून आम्ही मोकळे होऊ शकत नाही. आमच्या केसपेपरमध्ये आता चार प्रश्नांची भर घातली आहे : घर कितव्या मजल्यावर? ऊन-वारा येतो काय? कामावर कसे जाता? चालण्यास सुरक्षित जागा कोणती? या उत्तरांनंतरच सल्ला लिहिला जातो.

आरंभी उल्लेखिलेल्या भगिनी आता रात्रीच्या जेवणानंतर शेजारच्या तिघींसह सातव्या मजल्याच्या व्हरांड्यात फेऱ्या मारतात. गोळ्या सुटलेल्या नाहीत. साखर मात्र पूर्वीपेक्षा बरीच उतरली आहे. लिफ्ट अद्यापही मधूनमधून बंद पडते. तिच्यासाठी व खालच्या दिव्यांसाठी चौघींनी मिळून रहिवाशांच्या सह्यांचा अर्ज दिला असून त्याची एक प्रत त्यांनी आम्हांसही आणून दिली. ती आम्ही त्यांच्या केसपेपरला जोडून ठेवली आहे, कारण आमच्या मते तोही त्यांच्या उपचाराचाच भाग आहे.