विजेच्या कुंपणाचा धंदा कसा उभा राहिला

पीक उभें करण्यास जसा खर्च येतो, तसा तें राखण्यासही येतो. रानडुकरें, नीलगाई व मोकाट गुरें यांच्या उपद्रवामुळें आपल्याकडेही विजेच्या कुंपणाची मागणी वाढली आहे. ही वस्तु प्रथम बाजारांत कशी आली व तिजवर लोकांचा विश्वास कशानें बसला, हें ठाऊक असल्यास ती घेतांना व वापरतांना फसगत होणार नाहीं. म्हणून तिचा पूर्वेतिहास आम्ही येथें थोडक्यांत देत आहों.

आधीं तत्त्व पाहूं. कुंपणाची तार चिनीमातीच्या किंवा प्लॅस्टिकच्या विद्युतरोधकांनीं खांबांपासून अलग ठेविलेली असते. वीज पुरविणाऱ्या पेटीचें एक टोंक तारेस व दुसरें जमिनींत ठोकलेल्या लोखंडी गजास जोडतात. जनावर तारेस शिवलें म्हणजे वीज त्याच्या अंगांतून जमिनींत उतरते व गजावाटे पेटीकडे परतते. सारांश, हें कुंपण जनावरास बळानें अडवीत नाहीं, धाकानें अडवितें. एकदोनदां झटका खाल्लेलें जनावर पुढें तारेपासून लांब राहतें.

अमेरिकेंत टेक्सास प्रांतीं डेव्हिड विल्सन यानें १८८८ सालीं पाणचक्कीच्या विजेवर सुमारें ३० मैलांचें कुंपण चालवून पाहिलें. परंतु तें यशस्वी ठरलें नाहीं. धंद्याला खरा आरंभ झाला तो १९३० नंतरच्या दशकांत. त्या वेळीं अमेरिकेंतील बहुतेक शेतांवर वीज पोहोंचलीच नव्हती. म्हणून कारखानदारांनीं बॅटरीवर चालणाऱ्या पेट्याही विक्रीस काढल्या. चारपांच तारांच्या जागीं एकदोन तारा, जाड खांबांच्या जागीं हलके खांब, आणि मनास येईल तेव्हां कुंपण उचलून दुसरीकडे नेण्याची सोय, हे फायदे पाहून शेतकरी या मालाकडे वळला.

पण याच वेळीं एक अनर्थ झाला. तयार पेटीचे पैसे वांचविण्यासाठीं कित्येकांनीं घरांतील वीज सरळ तारेस जोडली, किंवा हातीं येईल त्या साहित्याची पेटी घरींच बनविली. त्यांत जनावरें मेलीं, माणसेंही मेलीं. आणि चांगल्या मालाकडेही लोक संशयानें पाहूं लागले. कांहीं राज्यांनीं अशा यंत्रांवर नियम घातले. अंडररायटर्स लॅबोरेटरीज या तपासणी संस्थेनें विजेच्या कुंपणाचा धक्का मनुष्यास कोठपर्यंत सोसतो याचा अभ्यास करून १९३९ सालीं पत्रिका प्रसिद्ध केली. ग्राहकाचा विश्वास जाहिरातीनें नव्हे, तर अशा तपासणीनें मिळाला, असें आमचें मत आहे.

न्यूझीलंडांत या धंद्याचा पाया हॅमिल्टन भागांत बिल गॅलघर यानें घातला. त्याचा घोडा मोटारीस अंग घांशी. त्यास दूर ठेवण्यासाठीं गॅलघरनें मोटारीच्याच ठिणगी पाडणाऱ्या कॉइलचा उपयोग करून झटका देण्याची युक्ति केली, व १९३८ सालीं कारखाना काढला. तो मुलूख दुधाच्या धंद्याचा असल्यानें कुरणाचे तुकडे पाडून गाई आळीपाळीनें चारण्यास हें कुंपण फार सोयीचें पडलें. मात्र जुन्या पेट्यांत एक मोठा दोष होता. ओलें गवत तारेस लागलें कीं झटका ओसरे. त्यामुळें कुंपण कांहीं शें मीटरांपलीकडे चालत नसे. हा दोष १९६२ सालीं डग फिलिप्स या संशोधकानें दूर केला. वीज कपॅसिटरमध्यें सांठवून ती एका क्षणांत तारेंत सोडण्याची त्याची रीत निघाल्यावर कुंपणाची पोंच कित्येक किलोमीटरांपर्यंत गेली.

आतां आपल्या कामाची गोष्ट. ज्या पेटीस आपले शेतकरी 'झटका मशीन' म्हणतात, तिच्या तारेवर हजारों व्होल्टांचा दाब असतो, तरी ती मारक ठरत नाहीं. कारण प्रत्येक झटका सेकंदाच्या शंभराव्या भागाहूनही थोडा वेळ टिकतो, दोन झटक्यांत सुमारें एक सेकंदाची विश्रांति असते, व आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणें एका झटक्याची शक्ति ५ जूलपेक्षां अधिक नसते. घरची वीज केवळ २३० व्होल्टांची असली तरी तिला खंड नसतो. स्नायु आंखडून हात तारेस चिकटतो, आणि प्राण जातो. विदर्भांत अशा थेट सोडलेल्या विजेनें वाघ, इतर जनावरें आणि शेतकरीही मेल्याच्या घटना वारंवार घडल्या आहेत. हा कायद्यानें गुन्हा आहे, आणि आपल्याच शेजाऱ्याच्या जिवाशीं खेळ आहे.

म्हणून पेटी मानकाप्रमाणें तपासलेलीच घ्यावी. अर्थिंगचा गज ओल असेल तेथपर्यंत खोल ठोकावा, व उन्हाळ्यांत त्याच्या मुळाशीं पाणी घालावें. तारेखालचें गवत वेळोवेळीं कापावें. रस्त्याच्या बाजूस धोक्याची पाटी लावावी. आणि पेटी बिघडली तर कुंपण चार दिवस बंद राहूं द्यावें. परंतु तिच्यावांचून घरची वीज तारेंत केव्हांही सोडूं नये. पीक पुन्हा घेतां येतें. गेलेला माणूस परत येत नाहीं.