शिकाऊ मुलाने गाडी ठोकली तर

आधी मुलाचं वय बघा. अठराला चार दिवस कमी असले तरी किल्ली द्यायची नाही. एप्रिल 2016 मध्ये दिल्लीच्या सिव्हिल लाइन्समध्ये मर्सिडीजखाली एक तरुण गेला. चालवणारा मुलगा नेमका तेवढाच लहान होता. 2024 मध्ये न्यायाधिकरणाने 1.98 कोटींची भरपाई ठरवली. विमा कंपनीने ती आधी भरायची आणि मग गाडीच्या मालकाकडून वसूल करायची, असा तो हुकूम.

अठरा पूर्ण असतील तर लर्निंग लायसन्स काढा. मुदत 6 महिने. ते देशभर चालतं, त्यामुळे दिल्लीतून यमुना ओलांडून नोएडात शिरलात तरी अडचण नाही.

मग एल बोर्ड. बाजारातला इवलासा स्टिकर नको. पांढरा पुठ्ठा 18 सेंटिमीटर चौरस कापा, लाल टेपने किमान 10 सेंटिमीटर उंचीचा एल काढा. एक पुढे, एक मागे. शेजारी पक्कं लायसन्स असलेला माणूस बसवा, हँडब्रेकपर्यंत हात पोचेल असा. आजोबांच्या लायसन्सची मुदत संपली असेल तर ते मागच्या सीटवर. हे सगळं 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम 3 मध्ये आहे, आणि पॉलिसीच्या ‘ड्रायव्हर्स क्लॉज’मध्ये नेमका तोच नियम असतो. पॉलिसी काढून ते वाक्य वाचाच.

गाडी ठोकली, की थांबा. कुणाला लागलं असेल तर 112 लावा, बाकी सगळं नंतर.

आता बापलोकांचा आवडता उद्योग: पोराला बाजूला सारून स्वतः स्टिअरिंगमागे बसायचं. हे करू नका. समोरच्या दुकानाचा कॅमेरा बघत असतो, आणि सरळ मिळणारा क्लेम खोट्या जबाबापायी जातो. सर्वोच्च न्यायालयाने 2004 मध्ये स्वर्ण सिंग खटल्यात लर्निंग लायसन्सही लायसन्सच मानलं आहे; मग लपवायचं कशाला? क्लेमच्या फॉर्मवर चालक म्हणून मुलाचंच नाव लिहा, शेजारी कोण होतं तेही. शक्य असेल तर गाडी हलवण्याआधी एल बोर्ड दिसेल असे फोटो काढा. कंपनीला त्याच दिवशी कळवा. सर्व्हेअर बघून जाईपर्यंत गॅरेजवाल्याला बंपर उघडू देऊ नका.

नुसता ओरखडा असेल तर मात्र क्लेम करूच नका. 1500 सीसीपर्यंतच्या गाडीला पहिले 1,000 रुपये तसेही आपलेच जातात, वर नो क्लेम बोनस बुडतो. कोपऱ्यावरच्या डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडे न्या.