चैत्रातील परसबाग : पाण्याचा हिशेब व वेलींची निगा

बीदर जिल्ह्यातील औराद, भालकी व बसवकल्याण आणि कलबुर्गी जिल्ह्यातील आळंद हे तालुके महाराष्ट्राच्या सीमेस लागून आहेत. पाडव्याच्या सुमारास या भागात कडुनिंब मोहरतो, कैऱ्या धरतात, शेवग्याच्या शेंगा लोंबू लागतात व मोगऱ्यास कळ्या येतात. परंतु याच सुमारास विहिरींची पातळी खालावते आणि बाजारात भाजीचे दर चढतात. चैत्रात जगविलेली परसबाग मृगाच्या पावसापर्यंत घराला भाजी पुरविते. त्यासाठी घरातील पाण्याचा नेमका हिशेब मांडणे अगत्याचे आहे.

पाण्याचा हिशेब

एक चौरस मीटर वाफ्यावर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर पाणी होय. कडक उन्हात वाढत्या भाजीस दर चौरस मीटरला दररोज साधारणतः ५ ते ६ लिटर पाणी लागते. म्हणजे १० चौरस मीटरच्या बागेस ५० ते ६० लिटर पाणी हवे. घरातील पाच माणसांनी स्नानासाठी प्रत्येकी १५ लिटर पाणी वापरल्यास ७५ लिटर पाणी मोरीतून वाहून जाते. हे पाणी चर खणून केळी, अळू, पपई व शेवगा यांच्या आळ्यांकडे वळवावे आणि स्वच्छ पाणी पालेभाज्यांसाठी राखावे. धुण्याच्या पावडरीचे पाणी मात्र रोज एकाच जागी सोडू नये. त्यातील क्षारांमुळे काळी जमीन घट्ट होते व तिच्यात पाणी मुरेनासे होते.

आच्छादन व मडके

भालकी व औराद भागातील काळी जमीन उन्हाने भेगाळते. बीदरच्या पठारावरील जांभ्याची लाल माती पाणी लवकर सोडते. दोन्ही ठिकाणी आच्छादन उपयोगी पडते. तुरीचा भुसा किंवा पालापाचोळा यांचा तीन-चार बोटे जाड थर द्यावा. तो बुंध्यास चिकटू देऊ नये. वेलांसाठी न भाजलेले नव्हे, तर चांगले भाजलेले पण पाझरणारे मातीचे मडके गळ्यापर्यंत पुरावे, भोवती तीन-चार बिया लावाव्यात व तोंडावर झाकण ठेवावे. पाणी मुळांशी हळूहळू झिरपते आणि वाया जात नाही. वेल चढविण्यास घरच्या तुराट्यांचा मांडव पुरेसा होतो.

वेलींची फुले

वेलींना फुले येतात पण फळ धरत नाही, ही तक्रार या दिवसांत नेहमीची असते. तीव्र उष्णता व मोठा दिवस यांमुळे नर फुलांचे प्रमाण वाढते. मादी फुलाच्या देठाशी इवले फळ दिसते, नर फुलास ते नसते. लाल भोपळा, काकडी, कारले व घोसाळे यांची फुले सकाळी, तर दोडका व दुधी भोपळा यांची फुले सायंकाळी उमलतात. मधमाश्या कमी दिसत असल्यास त्या त्या वेळी ताजे नर फूल तोडून त्याचे पराग मादी फुलाच्या मध्यभागी हलकेच लावावेत. फुले उमलण्याच्या वेळी कोणतीही फवारणी करू नये.

भेंडीवरील केवडा

पाने पिवळी पडून शिरांचे जाळे दिसू लागल्यास तो केवडा रोग समजावा. तो पांढऱ्या माशीमुळे पसरतो. रोगट झाड बरे होत नाही, म्हणून ते लगेच उपटून टाकावे. या रोगास तोंड देण्यासाठी परभणीच्या कृषी विद्यापीठाने ‘परभणी क्रांती’ व बंगळूरच्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेने ‘अर्का अनामिका’ हे वाण विकसित केले. तथापि, वाण कोणताही असला तरी पानांची मागील बाजू नित्य तपासावी. माशी दिसताच मागील वर्षी साठविलेल्या निंबोळ्यांची ५० ग्रॅम पूड एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवून, गाळून सायंकाळी फवारावी.

लिंबू व मोगरा

लिंबाच्या झाडास कधी भरपूर, कधी मुळीच नाही असे पाणी दिल्यास फळे गळतात. आळे बुंध्यापासून दूर, फांद्यांच्या घेराखाली करून ठरावीक अंतराने पाणी द्यावे. मोगऱ्यास सकाळी किंवा सायंकाळी पाणी द्यावे व कळ्या वेळच्या वेळी तोडाव्यात.

पुढील हंगामाचे बियाणे

दोडका, गवार व भेंडी यांच्या निरोगी झाडांवरील सुरुवातीची एक-दोन चांगली फळे बियाण्यासाठी राखावीत व झाडावरच वाळू द्यावीत. बी सावलीत सुकवून, राख मिसळून कोरड्या डब्यात ठेवावे. असे बी राखल्यास मृगाच्या पहिल्या पावसावर परसबाग पुन्हा उभी करण्यास बाजाराकडे पाहावे लागत नाही.