तसबिरीतली सनद

परीक्षेत चांगले गुण मिळाले किंवा स्पर्धेत क्रमांक आला, की आपल्याला प्रमाणपत्र मिळते. उर्दूत आपण त्याला सनद म्हणतो. हा शब्द मराठीतही आहे. वकिली करण्याचा जो परवाना मिळतो, त्याला मराठीत आजही सनद म्हणतात. घरच्या मोठ्या माणसांना या कागदाचा फार अभिमान वाटतो. अब्बा तो घेऊन तसबिरींच्या दुकानात जातात आणि दोन दिवसांत काचेची फ्रेम भिंतीवर लागते.

पण प्रमाणपत्र ही केवळ शोभेची वस्तू नाही. तो एक दस्तऐवज आहे. केव्हा ना केव्हा तो कोणाच्या तरी टेबलावर नेऊन ठेवावा लागतो. म्हणून फ्रेम करण्याआधी एक गोष्ट विचारून घ्यावी. हा कागद उद्या बाहेर काढायचा झाला, तर जसाच्या तसा निघेल का?

आमच्या मोहल्ल्यातील एका मुलीची हकिकत सांगतो. शासनाच्या रेखाकला परीक्षेत, म्हणजे इंटरमिजिएटमध्ये, तिला ‘अ’ श्रेणी मिळाली होती. प्रमाणपत्राची फ्रेम चार वर्षे बैठकीच्या खोलीत होती. पुढे चित्रकलेच्या अभ्यासक्रमाला प्रवेश घेताना कार्यालयात मूळ प्रमाणपत्र मागितले. ती फ्रेम घेऊन दुकानात गेली.

“चाचा, ही सनद काढून द्या. उद्या सकाळी अकरापर्यंत दाखवायची आहे.”

चाचांनी फ्रेम उलटी केली, मागचा कागद फाडला आणि मान हलवली. “बेटी, ही आमच्याकडची नाही. ज्याने केली, त्याने पूर्ण कागद सरसाने प्लायवर चिकटवला आहे. ओढला तर फाटेल.”

“मग हो?”

“मागून प्लाय सोलत येतो. बघू या, नशीब तुझे.”

रात्री दहापर्यंत ते पातळ सुरीने प्लायचे पापुद्रे काढत होते. कागद निघाला, पण शिक्क्याचा अर्धा भाग लाकडाला चिकटून राहिला. कार्यालयाने तो कागद घेतला नाही. अर्ज करून दुय्यम प्रत मिळेपर्यंत प्रवेशाची पहिली फेरी संपली होती. दुसऱ्या फेरीत तिला जागा मिळाली, ही सुदैवाची गोष्ट.

असे फक्त आपल्याकडेच होते असे नाही. अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा १७७६ सालचा आहे. तो चर्मपत्रावर लिहिलेला आहे. १८४१ पासून १८७६ पर्यंत तो वॉशिंग्टन येथील एका सरकारी इमारतीत खिडकीसमोर लावलेला होता. पस्तीस वर्षांच्या उजेडाने शाई इतकी फिकी पडली, की त्यावरच्या कितीतरी सह्या आता नीट वाचता येत नाहीत. पुढे १९४२ साली तज्ज्ञांनी तो तपासला. तेव्हा त्याचा सुटलेला कोपरा कोणीतरी साध्या चिकटपट्टीने जोडलेला दिसला. त्या पट्टीचा रंग काकवीसारखा झाला होता. सरसाचे डागही पडले होते. एवढ्या मोलाच्या दस्तऐवजाची ही गत, तर आपल्या कागदाची काळजी आपणच घ्यायला हवी!

म्हणून दुकानदाराला पहिली गोष्ट स्पष्ट सांगावी : प्रमाणपत्राला सरस, डिंक, चिकटपट्टी, काहीही लागता कामा नये. मग ते जागेवर राहील कसे? चार कोपऱ्यांना कागदी खोळी करून. हे काम तुम्ही घरीही करू शकता.

पांढऱ्या, जाडसर कागदाची अडीच सेंटिमीटर रुंद आणि आठ सेंटिमीटर लांब पट्टी घ्या. ती आडवी धरा. वरच्या कडेचा मध्य ठरवा आणि तेथून पट्टीची दोन्ही टोके तिरपी खाली दुमडा. वर त्रिकोणी टोक येते आणि खाली दोन पाय लोंबतात. पाय थोडे कापून घ्या. त्रिकोणाच्या दोन थरांमध्ये जी पोकळी होते, तीच आपली खोळ. अशा चार खोळी करा. पुठ्ठ्यावर प्रमाणपत्र ठेवून कोपऱ्यांच्या जागा पेन्सिलीने आखा आणि प्रमाणपत्र बाजूला ठेवा. खोळीच्या पायांना मागून गव्हाची खळ लावून त्या पुठ्ठ्यावर चिकटवा. खळ पूर्ण वाळू द्या. मग प्रमाणपत्र किंचित वाकवून त्याचे कोपरे एकेक करून आत सरकवा. खोळी अगदी घट्ट बसवू नका. पावसाळ्यात हवेतील ओलाव्याने कागद थोडा फुगतो. त्याला जागा मिळाली नाही, तर मध्ये फुगवटा येतो.

मागचा पुठ्ठा कसला आहे हेही पाहावे. वह्यांचा स्वस्त पुठ्ठा आम्लयुक्त असतो. काही वर्षांनी त्याचे तपकिरी डाग प्रमाणपत्रावर उतरतात. चांगला पुठ्ठा मिळाला नाही, तर मध्ये सुती चिंध्यांपासून केलेला पांढरा हातकागद घालावा. पुढच्या बाजूला काच आणि कागद यांच्यात जाड कागदाची चौकट असावी. काच कागदाला टेकली, तर दमट हवेत शाई काचेला चिकटू शकते.

आता फ्रेमची पाठ. दुकानदार तेथे चुका ठोकतो. बारीक खिळ्यांना मराठीत चुका म्हणतात, आणि येथे तो शब्द दोन्ही अर्थांनी शोभतो! त्याऐवजी बोटाने फिरवता येतील अशा लहान पितळी पट्ट्या लावून घ्याव्यात. पट्ट्या फिरवल्या, की पुठ्ठा बाहेर येतो. धूळ आणि कसर आत जाऊ नये म्हणून कडेने कागद लावायचा असेल, तर तो लाकडालाच चिकटवावा.

लॅमिनेशनबद्दल माझे मत विचाराल, तर मूळ प्रमाणपत्राला ते करूच नये. उष्णतेने बसवलेले प्लॅस्टिक सुरक्षितपणे पुन्हा काढता येत नाही. बाहेरून कागद चकचकीत दिसतो, पण त्यावर नवा शिक्का मारता येत नाही.

आणि जागा दोनच खोल्यांची असेल, भिंतीला ओल येत असेल, समोरून ऊन येत असेल, तर आणखी सोपा उपाय आहे. रंगीत झेरॉक्स फ्रेममध्ये लावावी आणि मूळ सनद फाइलमध्ये, कपाटात ठेवावी. पाहुण्यांना फरक कळत नाही. अब्बांना मात्र आधी सांगून ठेवावे, नाहीतर ते मूळ कागद शोधत फ्रेम उघडून बसतील.

शब्दार्थ : तसबीर – चौकटीत बसवलेले चित्र, दुय्यम प्रत – मूळ कागद हरवल्यावर किंवा खराब झाल्यावर मिळणारी दुसरी प्रत, पापुद्रा – पातळ थर, काकवी – उसाच्या रसाचा घट्ट, तपकिरी पाक, खोळ – पिशवीसारखे आवरण, खळ – पीठ शिजवून केलेली चिकी, कसर – कागद खाणारा किडा.

अभ्यास
१. मुलीची प्रवेशाची पहिली फेरी का हुकली?
२. खोळी थोड्या सैल का ठेवाव्यात?
३. ‘चुका’ या शब्दाचे दोन अर्थ वाक्यांत वापरून दाखवा.
४. सनद, कागद, दस्तऐवज यांसारखे उर्दू आणि मराठी या दोन्ही भाषांत आढळणारे आणखी पाच शब्द लिहा.
५. तुमच्या घरातील एखादी फ्रेम मागून पाहा आणि ती कशी बंद केली आहे, ते चार वाक्यांत लिहा.