लाभांशाची तारीख उलटू द्यावी का?

प्रश्न : माझा भाऊ म्हणतो, ‘ताई, लाभांशाच्या तारखेआधी शेअर घेऊन टाक, लाभांश फुकटात पदरात पडेल.’ माझा पगार तीस टक्के कराच्या टप्प्यात जातो, म्हणून मला तारीख उलटल्यावर घ्यावासा वाटतो. शिवाय सिगारेटच्या कंपनीचा शेअर मला नकोच, मग लाभांश कितीही देवो. भावाच्या मते ही भावना झाली, व्यवहार नव्हे. कोणाचं बरोबर? (एक वाचक, मिरज)

उत्तर : तुमचंच. भावाच्या सल्ल्यातला ‘फुकटात’ हा शब्द तेवढा काढून टाकायला हवा.

लाभांश कंपनीच्या तिजोरीतून जातो. तो गेला की तिजोरी तेवढी हलकी होते आणि शेअरचा भावही साधारण तेवढ्याने उतरतो. भाव उतरतो तो एक्स-डेटला. त्या दिवशी किंवा नंतर शेअर घेणाऱ्याला तो लाभांश मिळत नाही. आदल्या कामकाजाच्या दिवसापर्यंत घेणाऱ्याला मिळतो. एरवी लाभांश भावाच्या एक-दोन टक्केच असतो, त्यामुळे ही घट बाजाराच्या रोजच्या चढउतारात दिसत नाही.

ती लख्ख दिसली डिसेंबर २०२० मध्ये. नवी मुंबईतल्या मॅजेस्को या कंपनीने आपला अमेरिकेतला विमा-सॉफ्टवेअरचा व्यवसाय विकला आणि आलेल्या पैशातून शेअरमागे ९७४ रुपये लाभांश जाहीर केला. एक्स-डेटच्या आधी हजाराच्या जवळपास असलेला भाव त्या दिवशी बारा रुपयांच्या आसपास आला. पडझड वगैरे काही नव्हती. पैसे या खिशातून त्या खिशात गेले, इतकंच.

आता यात कर घाला. ३१ मार्च २०२० पर्यंत लाभांशावरचा कर कंपनीच भरायची, म्हणून दहा लाखांपर्यंतचा लाभांश आपल्या हाती करमुक्त पडे. ‘लाभांशावर कर नसतो’ हा समज तेव्हाचा, आणि तो अजून गेलेला नाही. १ एप्रिल २०२० पासून लाभांश तुमच्या उत्पन्नात धरला जातो आणि तुमच्या टप्प्याप्रमाणे कर लागतो. आदल्या दिवशी मॅजेस्को घेणाऱ्या तीस टक्केवाल्याला ९७४ रुपयांवर सेस धरून तीनशेच्या वर कर बसला. भाव उतरल्याचा तोटा आहेच की, असं कोणी म्हणेल. पण तो भांडवली तोटा. शेअर विकल्यावर तो फक्त भांडवली नफ्यातून वजा होतो. लाभांशातून किंवा पगारातून नाही. म्हणजे आपलेच पैसे परत घ्यायचे आणि त्यावर वर कर भरायचा! एवढ्यासाठी एक दिवस थांबणं हा शहाणपणाच आहे.

हाच हिशेब सगळ्यांना मात्र लागू नाही. ज्यांच्या एकूण उत्पन्नावर करच बसत नाही, त्यांनी तारखेआधी घेतलं काय, नंतर घेतलं काय, फरक नगण्य. (एका कंपनीकडून वर्षाला दहा हजारांहून जास्त लाभांश आला तर दहा टक्के टीडीएस कापला जातो, कर लागत नसेल तर विवरणपत्र भरून तो परत मिळतो.) म्हणून तर तारीख उलटू देण्याचं कारण वैयक्तिक म्हणायचं. शेअर तोच, पण घेणाऱ्याप्रमाणे त्याचा हिशेब बदलतो.

जाता जाता, ‘हजार टक्के लाभांश’ या मथळ्याने दिपून जाऊ नका. ती टक्केवारी दर्शनी किमतीवर असते. दर्शनी किंमत एक रुपया असेल, तर हजार टक्के म्हणजे दहाच रुपये, बाजारभाव कितीही असो.

आता सिगारेटबद्दल. ‘तू नाही घेतलास म्हणून कंपनीचं काय बिघडणार?’ असं तुमचा भाऊ विचारेल. थेट काही बिघडत नाही. बाजारात आपण शेअर दुसऱ्या भागधारकाकडून घेतो, कंपनीला त्यातला पैसाही जात नाही. पण लाभांश मात्र कंपनीच्या नफ्यातूनच येतो, आणि तो नफा आपल्या घरात नको असं म्हणण्याचा तुम्हाला पुरेपूर हक्क आहे. मला तर हे कारण कराइतकंच भक्कम वाटतं. नॉर्वेच्या सरकारी निधीने २०१० मध्ये तंबाखू उत्पादकांना आपल्या गुंतवणुकीतून वगळलं, आणि तिथे हिशेबाला पक्की माणसं बसलेली आहेत. एलआयसी आणि सरकारी विमा कंपन्यांनी तंबाखूत पैसा घालू नये, यासाठी २०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिकाही झाली होती.

एक गोष्ट मात्र तपासा. तुमची एसआयपी निफ्टी ५० च्या इंडेक्स फंडात असेल, तर त्यात आयटीसी आहे, म्हणजे सिगारेटच्या नफ्याचा वाटा तुमच्याकडे आधीच येतो आहे. फंड घराणी दर महिन्याला आपल्याकडच्या शेअर्सची यादी संकेतस्थळावर टाकतात. त्यात दोन मिनिटांत कळेल.